अडगावची लढाई अन् डोक्याएवढी ज्वारी
कोणीतरी लिहिलंय की लढायांचा अभ्यास म्हणजे लंडनच्या दफ्तरातले जुने कागद, खेड्यात बसून काय होते. अर्धं पटलं. या लढाईतला इंग्रज सेनापती वेलस्ली, त्याची पत्रं छापलेली आहेत अन् मोबाईलवरही वाचता येतात, त्यात तो स्वतःच लिहितो की अडगावला मी तिथं नसतो तर लढाई हातची गेली असती, कारण आधीच्या असईच्या लढाईत छातीठोक उभ्या राहिलेल्या त्याच्याच 3 पलटणी इथं भोसले-शिंद्यांच्या तोफा सुरू होताच पळत सुटल्या. हे दफ्तरातूनच कळते, मान्य.

पण आमचं शेत तेल्हाऱ्याकडे, अकोला जिल्ह्यात, अडगावच्याच भागात, म्हणून सांगतो. नकाशावर ते रान पोळपाटासारखं सपाट दिसते. लढाईची तारीख 29 नोव्हेंबर 1803. आता नोव्हेंबरात आमच्याकडं काय उभं असते, ज्वारी! आजची बुटकी हायब्रीड नाही, आबाजीच्या वेळची गावरान, बैलगाडी आत गेली तर गाडीवाल्याचं फक्त मुंडासं दिसे. अशा धांड्यातून चालणाऱ्या शिपायाला समोरची तोफ दिसणार कधी? आवाज आल्यावरच. एकदा त्या महिन्यात येऊन धुऱ्यावर उभं राहून पहा, मग बोलू. भोसल्यांचा गाविलगड किल्लाही तिथून लांब नाही, तो त्याच युद्धात 15 डिसेंबरला इंग्रजांच्या हाती पडला.