लांब ओळी: वर्ड रॅप वापरावे की एंटर काढावेत? अहिराणी संग्रहासाठी सल्ला हवा आहे

प्रश्नकर्ता, अमळनेर

आमच्या आजोळच्या गावातील एका निवृत्त गुरुजींनी अहिराणी म्हणी, कानबाईची गाणी आणि त्यांमागच्या हकिगती साध्या नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. त्या ४० फायली आता माझ्याकडे आल्या आहेत. गुरुजींचा हात टाइपरायटरवर बसलेला असल्यामुळे ओळ भरली की ते एंटर दाबत. परिणामी मोबाइलवर फाइल उघडली की एक ओळ भरलेली, तिच्याखाली दोनच शब्दांची तोकडी ओळ, पुन्हा भरलेली ओळ, असा मजकूर दिसतो. याउलट त्यांच्या मुलाने फोनवरून उतरवलेल्या काही फायलींत अख्खी हकिगत एकाच ओळीत आहे आणि ती वाचताना पडदा उजवीकडे सरकवत न्यावा लागतो. माझा संगणक जुना, चार जीबी मेमरीचा आणि विंडोजचा आहे. पुढे या मजकुराची छोटी पुस्तिका छापायची आहे. फुकट मिळणारा कोणता प्रोग्रॅम घ्यावा आणि कोणती पद्धत वापरावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर, भुसावळ

आपल्याकडे एक नव्हे, दोन वेगळे प्रश्न आहेत. ओळ पडद्यावर वळलेली दिसणे, म्हणजेच वर्ड रॅप, ही केवळ दाखवण्याची सोय असते. फाइलमध्ये त्यासाठी काहीही लिहिले जात नाही. एंटर दाबून तोडलेल्या ओळीत मात्र ओळ संपल्याची खूण फाइलमध्येच बसते आणि फाइल जिथे जाईल तिथे ती बरोबर जाते. ओळखायचे कसे, तर खिडकी अरुंद करून पाहावी: ओळी मोडण्याच्या जागा खिडकीबरोबर बदलल्या तर ते वर्ड रॅप, आणि जुन्या जागा तशाच राहून नव्या जागांची भर पडली तर ते एंटर.

मुलाच्या फायलींना त्यामुळे हातही लावू नये. नोटपॅडमध्ये वर्ड रॅप सुरू केले की काम झाले. जुन्या संगणकासाठी मी नोटपॅड प्लस प्लस सुचवेन. ते हलके आहे, फुकट आहे आणि त्याच्या व्ह्यू मेनूतच वर्ड रॅप मिळते. व्हीएस कोड या दुसऱ्या फुकट संपादकात ऑल्ट आणि झेड दाबून तेच होते, पण चार जीबीत ते जड जाईल. गुरुजींच्या फायलींसाठी नोटपॅड प्लस प्लसमध्येच ओळ संपल्याच्या खुणा दाखवण्याची सोय चालू करावी. प्रत्येक ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी दोन काळी खोकी दिसतील. त्यांतले सीआर म्हणजे कॅरेज रिटर्न, म्हणजे गुरुजींच्या टाइपरायटरचीच आठवण; एलएफ म्हणजे लाइन फीड, पुढच्या ओळीवर जाण्याची खूण. नको तिथे तुटलेल्या ओळी निवडून कंट्रोल आणि जे दाबले की त्या एकमेकींना जोडल्या जातात.

उत्तर, धुळे

वरील सल्ला योग्य आहे; मात्र संपूर्ण फाइल निवडून कंट्रोल-जे दाबण्याचा मोह टाळावा, कारण त्याने परिच्छेदही एकमेकांत मिसळतात आणि कानबाईच्या गाण्याचे सलग गद्य होते. हकिगतीतला एंटर टाइपरायटरच्या सवयीचा आहे, गाण्यातला एंटर गाण्याचाच आहे, आणि हा फरक कोणताही प्रोग्रॅम ओळखणार नाही. म्हणून आधी सर्व फायलींची प्रत काढावी आणि गाणी वेगळ्या फाइलमध्ये न्यावीत. मग केवळ गद्यावर तीन टप्प्यांत बदल करावा: लागोपाठ आलेल्या दोन एंटरच्या जागी मजकुरात कुठेही नसलेली एखादी खूण ठेवावी, उरलेल्या एकेरी एंटरच्या जागी रिकामी जागा घालावी आणि शेवटी त्या खुणेच्या जागी पुन्हा एंटर आणावा. क्रम चुकला की परिच्छेद गेलेच म्हणून समजावे.

गुरुजींनी ओळीच्या शेवटी शब्द तोडून आडवी रेघ दिली असेल, तर जोडल्यावर ‘शेत- करी’ असे काहीतरी उरेल. अशा जागा शोधून हातानेच सुधाराव्यात, कारण काही जोडशब्दांतली रेघ खरीही असते.

उत्तर, शहादा

पुस्तिकेचा विचार आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. एका ओळीत ७२ किंवा ८० अक्षरे ठेवण्याचा सल्ला आपल्याला कुठेतरी वाचायला मिळेल. ८० हा आकडा जुन्या पंचकार्डांच्या रकान्यांपासून चालत आला आहे आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तो सोयीचाही आहे, पण मराठी गद्याला त्याचा उपयोग नाही. ‘क्षि’ हे डोळ्याला एक अक्षर दिसते; युनिकोड या संगणकाच्या लिपिसंकेतात मात्र ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार खुणांचे बनते आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत १२ बाइट घेते. लिनक्सवरच्या, लांब ओळी तोडणाऱ्या फोल्ड या आज्ञेच्या जुन्या आवृत्त्या तर बाइटच मोजत असल्याने देवनागरी अक्षर मधूनच कापले जाते. गद्यात एंटर फक्त परिच्छेदाच्या शेवटी ठेवावा आणि ओळ कुठे वळेल हे पानाच्या रुंदीवर सोडावे.

दुसरे असे की पुस्तिका लिब्रेऑफिस रायटरमध्ये जुळवताना गाण्याच्या कडव्यातल्या ओळी शिफ्ट आणि एंटरने तोडाव्यात, म्हणजे पूर्ण कडवे एक परिच्छेद राहते. ‘१२ मण’ यांसारखी जोडी ओळीच्या टोकाला फुटू नये म्हणून मधली जागा कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून द्यावी.

प्रश्नकर्ता, अमळनेर

आपणा सर्वांचा आभारी आहे. गाणी वेगळी काढली आणि तीन टप्प्यांची पद्धत पाच फायलींवर वापरून पाहिली. चार फायली व्यवस्थित झाल्या; पाचव्या फाइलमधले सगळे परिच्छेद मात्र एक झाले. वरून पाहता त्यातही परिच्छेदांमध्ये रिकाम्या ओळी होत्या.

उत्तर, धुळे

त्या ओळी रिकाम्या दिसत असल्या तरी त्यांत स्पेस असणार. त्यामुळे दोन एंटर लागोपाठ येत नाहीत आणि पहिला टप्पा त्यांना ओलांडून पुढे जातो. नोटपॅड प्लस प्लसच्या एडिट मेनूत ब्लँक ऑपरेशन्समध्ये ओळीच्या शेवटच्या स्पेस काढण्याची सोय आहे. मूळ प्रत पुन्हा उघडून ती आधी वापरावी आणि मग पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी. उरलेल्या ३५ फायलींवरही हे आधीच करून घ्यावे.