जुनं पुस्तक त्याच्या काळात जाऊन वाचताना: तुमचे अनुभव

ग्वाल्हेरकर मंडळी, आजोबा-पणजोबांची पुस्तकं आपल्या घरांत माळ्यावर पडलेली असतातच. त्यातलं एखादं आजचे निकष बाजूला ठेवून वाचलंय का? लिहा बिनधास्त, शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.

लष्करवाला: माझं पुस्तक गोडसे भटजींचं 'माझा प्रवास', १८५७ च्या बंडात सापडलेल्या एका भिक्षुकाचं प्रवासवर्णन. सगळे त्यात झाशीची राणी शोधतात आणि भटजी दक्षिणेच्या पैशांचं काय लिहीत बसलेत म्हणून वैतागतात. अहो पण माणूस १८५७ मध्ये निघालाच मुळी आपल्या ग्वाल्हेरच्या राणी बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेच्या यज्ञात चार पैसे मिळतील म्हणून, घरी तंगी होती, बंड मधेच आडवं आलं! आमचा मुलगा विचारतो, ह्याला देशाचं काही पडलेलं नव्हतं का. नव्हतं बहुतेक, तसं. त्याला आईवडिलांना गंगेच्या पाण्याने आंघोळ घालायची होती आणि त्या धामधुमीत कावड घरापर्यंत आणली पठ्ठ्यानं. झाशीच्या लुटीत सोन्यानाण्यावरून गोष्ट भांड्याकुंड्यांवर, कपड्यांवर येते ना, तिथे माझा विश्वास बसतो, कारण ह्याला हिरो व्हायचंच नाहीये.

आणि आवृत्ती बघून घ्या हं. १९०७ ची चिं. वि. वैद्यांची आहे, त्यांनी भाषा बदलली, काही गाळलंही. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला. वैद्यांचा हेतू चांगला असेल, पण भटजींना सभ्य करायचं काय नडलं होतं?

मुरारची सून: आम्ही हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो' वाचलं, यमू नावाच्या मुलीची कादंबरी. एका बैठकीत वाचायला गेलं की पाल्हाळ वाटतं, तेच तेच येतं, मी तर दोनदा सोडलं. मग कळलं हरिभाऊ ते 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापत होते, १८९० पासून, म्हणजे वाचणाऱ्याला मागचं आठवण करून द्यायलाच लागणार! मग सासूबाईंना रोज रात्री थोडं थोडं मोठ्याने वाचून दाखवलं. यमूच्या केशवपनाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "बस, आज इथेच थांब."

दौलतगंज: माझं मत थोडं वेगळं. काळ समजून घ्या, मान्य, पण जातीबद्दल काही वाटेल ते लिहिलेलं आलं की मला राग येतो आणि यायलाच हवा. मी पुस्तक टाकून देत नाही, पण रागही ठेवते.

लष्करवाला: @दौलतगंज बरोबर, माफ करा कोण म्हणतंय! बरं, पोतदारांची प्रत कुणाकडे आहे का? माझ्याकडची वाचनालयाची होती, परत द्यावी लागली.