प्रतिसाद : भेग नेमकी कुठे आहे?
पावलाच्या हाडाला भेग गेल्यावर एक डॉक्टर चाला म्हणतात आणि दुसरे पाय टेकवूच नका म्हणतात, म्हणजे दोघांपैकी एक नक्की चुकतो आहे, हे वरचे मत मला पटत नाही. पायाच्या करंगळीमागच्या लांब हाडाचे मागचे टोक तुटून निघाले असेल, तर बहुधा कडक तळाचा बूट घालून चालता येते. मात्र भेग त्या टोकापासून दीड-दोन सेंटिमीटर पुढे असेल, तर तिथे रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असल्याने हाड फार सावकाश जुळते आणि कधी स्क्रूही बसवावा लागतो. (ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ साली याच अस्थिभंगाचे वर्णन केले, तेही स्वतःचा पाय मोडल्यावर.)

माझ्या एक्स-रेत नवव्या आठवड्यातही केसाएवढी काळी रेघ दिसत होती. तेव्हा मी दोन्ही डॉक्टरांना फिल्मवर बोट ठेवून भेगेची जागा दाखवायला सांगितली, आणि दोघांची बोटे वेगवेगळ्या ठिकाणी टेकली.