सांडपाण्याची सोय नसेल तर नव्या पाणीयोजनेला मंजुरी द्यावी का?

ओढ्याकाठी

मुद्दा सरळ सांगते. वापरून झालेलं पाणी जाणार कुठे, याची तजवीज नळाच्या नव्या योजनेतच, तिच्याच पैशात केलेली नसेल, तर ती योजना परत पाठवावी. असा नियम प्रत्येक देशाने राष्ट्रीय पातळीवर कायद्यात आणावा असं मला मनापासून वाटतं. विरोध होणार हे माहीत आहे, म्हणूनच मांडतेय.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा. नळाला १०० लिटर वाढवले की गटारालाही ८० लिटर वाढले. तरी दोन्ही कामांची खाती वेगळी, नकाशे वेगळे, निधी वेगळा. नळाचं उद्घाटन होतं आणि गटाराचा प्रस्ताव पडून राहतो.

मी नऊ वर्षं एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर काम करते. रोज सकाळी हवा भरायच्या टाकीतलं पाणी लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास ठेवायचं, ही आमची पहिली तपासणी. मैला खाणारे जिवाणू नीट वाढले असले की तपकिरी गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी इतकं नितळ होतं की पलीकडे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. आमच्या भागात नवी जलवाहिनी आली त्या वर्षी महिनोन्‌महिने नळकांडं वरपर्यंत गढूळ राहिलं. टाकीच्या क्षमतेपेक्षा जास्त मैलापाणी येत होतं, गाळाला बसायला वेळच मिळत नव्हता आणि तो पाण्याबरोबर वाहून जात होता. शेवटी बायपासचं गेट उघडून मैला तसाच नदीत सोडावा लागला. ते गेट मी स्वतःच्या हाताने उघडलंय. जलवाहिनीच्या योजनेच्या कागदांत आमच्या केंद्राचा साधा उल्लेखही नव्हता.

ही चूक नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनमध्ये घरोघरी पाण्याचे संडास आले, जुने शौचखड्डे भरून वाहू लागले आणि सगळा मैला टेम्स नदीत गेला. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या संसदेला दुर्गंधीने बसवेना, तेव्हा कुठे जोसेफ बाझलजेटच्या भुयारी गटारांना पैसे मिळाले. कॉलऱ्याने हजारो माणसं त्याआधीच गेली होती.

अलीकडचं उदाहरण नॉम पेन्हचं. कंबोडियाच्या या राजधानीत १९९३ मध्ये जवळजवळ ७२ टक्के पाणी गळती आणि चोरीत जात होतं. दीड दशकात ते प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं, पाणी चोवीस तास झालं. जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच आहे. पण त्याच शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं दक्षिणेकडच्या पाणथळ तलावांवर सोपवलेलं होतं, आणि आता ते तलाव बांधकामासाठी भराव टाकून बुजवले जात आहेत. नळाचं काम इतकं चोख करणारं शहरसुद्धा गटाराकडे वळायला इतका वेळ लावतं, तर बाकीच्यांचं काय?

कोरडी विहीर

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण या नियमाला माझा ठाम विरोध आहे. सांडपाणी महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. या नियमाची किंमत कोण मोजणार, ते बघा. ज्याच्या घरी आधीच नळ आहे तो नाही. ज्याच्याकडे नाही, तो.

माझी आई पहाटे साडेतीनला उठायची. विहिरीत झरा भरायला वेळ लागायचा, म्हणून वाटीने पाणी घागरीत घ्यायची. एक घागर भरायला अर्धा तास. मान कायमची दुखावली तिची. तिला कुणी सांगितलं असतं की गटाराचा आराखडा तयार नाही, म्हणून तुमचा नळ तीन वर्षं लांबला, तर? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये २२० कोटी लोकांना घरात सुरक्षित पाणी मिळत नव्हतं. तुमची अट सगळ्यात आधी त्यांच्याच वाटेत उभी राहील.

आता इतिहासच काढलात तर हॅम्बुर्गचंही सांगतो. १८४२ च्या मोठ्या आगीनंतर तिथे नवी गटारं बांधली गेली. त्या काळी युरोपात ती नावाजलेली होती. पण पिण्याचं पाणी एल्ब नदीतून न गाळता येत होतं. १८९२ मध्ये कॉलरा आला आणि साडेआठ हजारांच्या आसपास माणसं दगावली. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचा मैला मिसळल्यावर उचलत होतं. पण ते वाळूच्या थरातून गाळून घ्यायचं. आल्टोना बऱ्याच अंशी वाचलं. ज्यांच्याकडे चांगली गटारं होती ते मेले आणि ज्यांच्याकडे वाळूची गाळणी होती ते जगले. मग आधी काय करायचं?

ओढ्याकाठी

तुमच्या आईबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पण आल्टोनाचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. वाळूची गाळणी कॉलऱ्याचे जंतू अडवते. आज नदीत विरघळलेले क्षार, नायट्रेट, औषधांचे अंश, कारखान्यांची रसायनं असतात, ती तिच्यात अडकत नाहीत. आणि गाळणी असते शहराकडे. खालच्या अंगाला नदीवर कपडे धुणाऱ्या, गुरं पाजणाऱ्या, तेच पाणी भाजीला सोडणाऱ्या माणसाकडे कुठली गाळणी? ज्यांना नळ नाही त्यांचाच विचार करायचा, तर वरच्या गावाच्या नळाचा मैला त्यांच्याच पाणवठ्यावर येतो, हेही धरा.

जोडारी

मी पाइपलाइनवर फिटर आहे. तुम्ही दोघं भांडताय ते जणू पाण्याची लाइन आणि मैल्याची लाइन दोन वेगळ्या गावांत असल्यासारखं. जमिनीखाली त्या बऱ्याच ठिकाणी एकाच चरात, हातभर अंतरावर असतात. मी बघितलेलं सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका गल्लीतून तक्रार आली, पाण्याला वास येतोय. लोखंडी गज व्हॉल्व्हवर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं. गळती असेल तर बारीक सळसळ ऐकू येते, पण त्यासाठी लाइनला दाब पाहिजे, म्हणून आम्ही पुरवठा चालू असतानाच ऐकतो. आवाज लागला, खणलं. जलवाहिनीच्या जोडाला बोटभर फट आणि शेजारच्या ड्रेनेजच्या पाइपला तडा. खड्डा काळ्या पाण्याने भरलेला. पुरवठा चालू होता तोवर फटीतून पाणी बाहेर उसळत होतं. पुरवठा बंद झाला, लाइन रिकामी व्हायला लागली, आणि तेच काळं पाणी आत ओढलं गेलं. आमच्या डोळ्यांसमोर खड्ड्यातली पातळी उतरली.

तासभर पाणी येणाऱ्या लाइनला हे रोज होतं. क्लोरीन कितीही मारा, एवढ्या मैल्यापुढे तो शेवटच्या नळापर्यंत टिकत नाही. म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. नवी योजना नको आणि नवं गटारही नको, आधी आहे ते दुरुस्त करा. गळती थांबली की पाणी वाचतं, वाचलेल्या पाण्यावर पुरवठ्याचे तास वाढतात, दाब टिकला की घाण आत येत नाही. वर ज्या नॉम पेन्हचं नाव घेतलंत, त्यांनी मीटर बसवले, जुने पाइप बदलले, रात्री गळती शोधायला माणसं ठेवली. दुरुस्तीचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून तिला पैसे मिळत नाहीत. याचा मला खरंच राग येतो.

हिशेबवही

मी पाणीपुरवठ्याच्या हिशेबाचं काम बघते. ओढ्याकाठी यांच्या नियमाच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगता येईल: कायद्याने तारीख घातल्याशिवाय सांडपाण्यावर कुणी आपणहून खर्च करत नाही. श्रीमंतही नाहीत. ब्रसेल्स, जिथे युरोपीय संघाची कार्यालयं आहेत, त्या शहराचं पहिलं प्रक्रिया केंद्र २००० मध्ये सुरू झालं आणि दुसरं, मोठं, २००७ मध्ये. तोवर मैला थेट सेन नदीत जात होता. ही केंद्रं झाली ती १९९१ च्या युरोपीय निर्देशाने मुदत घालून दिली म्हणून.

पण नुसती सक्ती पुरत नाही. अमेरिकेने १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा कायदा केला तेव्हा प्रक्रिया केंद्रांच्या बांधकामाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा खर्च केंद्र सरकारने उचलायचं ठरवलं. ज्यांनी अट घातली त्यांनी पैसेही दिले. कोरडी विहीर यांची भीती इथे खरी ठरते. अट वरून आणि खर्च खालून असं झालं, तर छोटं गाव योजनेसाठी अर्जच करणार नाही.

दुसरं, लोक नळासाठी पैसे देतात, गटारासाठी देत नाहीत. नळ बंद केला की माणूस दुसऱ्या दिवशी थकबाकी भरतो. गटार कुणी बंद करू शकत नाही, आणि त्याचा फायदा मिळतो खालच्या गावाला. त्यामुळे सांडपाण्याचं शुल्क पाण्याच्या बिलातच धरावं लागतं, आणि गरीब घरांना पहिले काही हजार लिटर मोफत ठेवावे लागतात. दक्षिण आफ्रिकेने कुटुंबामागे महिन्याला ६,००० लिटर मोफत पाण्याचं धोरण आणलं होतं. तिथल्या सगळ्या नगरपालिकांना ते झेपलं असं नाही, पण त्याची दिशा मला पटते.

कोरडी विहीर

जोडारी, तुमचं म्हणणं मान्य, पण ज्या गावात लाइनच नाही तिथे दुरुस्ती कशाची करणार?

हिशेबवही यांच्या लिहिण्यामुळे मला थोडं मागे सरकावं लागतंय. माझा विरोध मुख्यतः ‘सोय’ या शब्दाला आहे. सोय म्हटलं की सरकारी आराखड्यात खोल भुयारी गटार, मोठे पंप आणि भव्य केंद्रच धरतात. तेवढ्याची वाट बघायची तर एक पिढी जाईल. ब्राझीलमध्ये १९८० च्या दशकात नाताल शहरापासून वेगळी पद्धत सुरू झाली. परसातून आणि पदपथाखालून जाणारे उथळ, कमी व्यासाचे पाइप, एका आळीला मिळून एकच जोडणी. पुढे राजधानी ब्राझिलियानेही ती मोठ्या प्रमाणावर वापरली. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० पासून अख्तर हमीद खान यांच्या पुढाकाराने लोकांनी स्वतःच्या पैशाने गल्लीगल्लीत गटारं टाकली. आणि जिथे सेप्टिक टँकच चालणार, तिथे दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसणारा टँकर आणि तो गाळ रिकामा करायची जागा, एवढंही सोय म्हणून धरा.

हे धरणार असाल तर अट चालेल. सार्वजनिक नळकोंडाळ्याला मात्र अजिबात अट नको.

ओढ्याकाठी

नळकोंडाळ्याचं मान्य. डोक्यावरून वाहून आणलेल्या पाण्याचं सांडपाणी इतकं थोडं असतं की शोषखड्डा पुरतो. घरात नळ आला, फ्लशचा संडास आला, की तिथून मैला वाहायला लागतो. तेव्हा माझी अट घरजोडणीपासून सुरू होऊ दे. सेप्टिक टँकही चालेल, पण टँकर गाळ कुठे रिकामा करतो ते कागदावर हवं. आमच्या केंद्राच्या मागच्या ओढ्यात रात्री टँकर रिकामे झालेले मी पाहिलेत. दिवसा कुणी करत नाही.

ओरंगीबद्दल एवढंच, की गल्ल्या लोकांनी केल्या, पण मोठ्या वाहिन्या आणि प्रक्रिया शासनाने करायची होती. तो भाग मागे राहिला आणि पाणी नाल्यांत गेलं. घराबाहेर पडलेल्या मैल्याची जबाबदारी लोकांवर ढकलता येत नाही.

जोडारी

तुमचं जुळत आलंय तर माझी एक गोष्ट त्यात घाला. तुमच्या नियमात बांधकाम आहे, चालवणं नाही. ताई, तुम्हीच सांगा, हवा भरणारे ब्लोअर किती वीज खातात?

ओढ्याकाठी

केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त. आणि ते बराच वेळ बंद राहिले तर जिवाणू गुदमरतात. पुन्हा वाढवायला आठवडे लागतात.

जोडारी

मग ठेकेदाराची मुदत संपल्यावर, समजा चौथ्या वर्षी, ते वीजबिल कुणी भरायचं, हे मंजुरीच्या पहिल्याच पानावर लिहा. पाइपच्या दुरुस्तीचे पैसेही तिथेच. ते नसेल तर योजना परत पाठवा. असा नियम असेल तर मी तुमच्या बाजूने.

हिशेबवही

हे मी माझ्या पुढच्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून घालणार आहे. वरिष्ठ ती खोडतील अशी शक्यता आहे, गेल्या वेळी दुरुस्तीची ओळ खोडली होती. तरी घालणार.