घरी थांबणे डायलिसिसच्या रुग्णाच्या हाती नसते

‘कोविडपासून वाचण्यासाठी मूत्रपिंडाच्या रुग्णांनी घराबाहेर पडू नये आणि लशीचे दोन डोस घ्यावेत, एवढे पुरे’ हे मत काळजीपोटीच मांडले जाते. परंतु आठवड्यातून साधारण तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे ४ तास, इतर रुग्णांच्या शेजारी रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला (डायलिसिस) जोडून घ्यावे लागणाऱ्या माणसाला घरी थांबण्याची मुभाच नसते. संसर्गाच्या भीतीने डायलिसिस चुकवले, तर वाढलेले पोटॅशियम आणि फुप्फुसांत साठणारे पाणी जिवावर बेतू शकते.

मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्यांची अडचण वेगळी आहे. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून दिली जाणारी औषधे, विशेषतः मायकोफेनोलेट, लशीनंतर अनेकदा पुरेशी प्रतिपिंडे तयार होऊ देत नाहीत. अमेरिकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा रुग्णांसाठी तिसऱ्या डोसला परवानगी दिली, ती याच कारणाने.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती औषधांच्या परस्परपरिणामांची. पॅक्सलोविड या कोविडवरील औषधातील रिटोनाविर या घटकामुळे, प्रत्यारोपणानंतर घ्याव्या लागणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढून मूत्रपिंडालाच इजा होऊ शकते. म्हणून आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडतज्ज्ञांना) विचारल्याशिवाय कोविडचे कोणतेही औषध सुरू करू नये, आणि घाबरून प्रत्यारोपणाची औषधे स्वतःहून बंद तर मुळीच करू नयेत.