अधिकृत संच आला म्हणून रेडिओवरच्या टेप वाटायच्या नाहीत?

मध्यलहर२४७
लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या रेडिओ-मैफलींबद्दल नॉइझशून्य यांनी काल जे लिहिलं, त्याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बीबीसीवरचं सगळं आता अधिकृत संचात (आधी १९९७ चा, मग २०१६ चा वाढीव) मिळतं, तेव्हा लोकांनी घरी उतरवलेल्या टेप वाटत बसण्यात अर्थ नाही. आणि वाटायच्याच असतील तर खरखर काढून, आवाज चढवून, 'ऐकण्याजोग्या' करून वाटाव्यात.

पहिलं म्हणणं चूक आहे. मार्च १९६९ मध्ये बँडने अलेक्सिस कॉर्नर या ब्लूज-संगीतकाराच्या बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरच्या कार्यक्रमासाठी वाजवलं होतं. त्याची मूळ फीत बीबीसीकडे उरली नाही. २०१६ च्या संचात ते सत्र आलं, ते एका श्रोत्याने एएम रेडिओवरून उतरवलेल्या टेपवरून! ज्या संचाचा दाखला तुम्ही देता, त्यातलाच एक भाग अशा टेपमुळे वाचला. १ एप्रिल १९७१ ची लंडनच्या पॅरिस थिएटरमधली मैफल घ्या. तिच्यातली दोन गाणी १९९७ च्या संचात नव्हती, ती २०१६ मध्ये आली. शेवटाकडची लांबलचक मेडली, म्हणजे न थांबता जोडून वाजवलेली गाणी, १९९७ मध्ये कापून दिली होती. हे कापलेलं आहे हे लोकांना कळलं ते रेडिओवरच्या टेपशी ताडून पाहिल्यामुळेच.

दुसरं म्हणणं तर नुकसान करणारं आहे. खरखर काढणारं सॉफ्टवेअर खरखरीबरोबर झांजांची शेपटी आणि सभागृहाचा घुमाराही खातं. पुढच्या माणसाच्या हाती ती एकच फाईल पडली, तर गेलेलं परत आणायला त्याच्याकडे काही उरत नाही.

नॉइझशून्य
टेप फेका असं मी म्हटलेलं नाही, वाटू नका म्हटलं. चौथ्या पिढीची (कॉपीच्या कॉपीवरून केलेली) कॉपी, डॉल्बी (टेपची खरखर दाबणारी पद्धत) चुकलेली, वेग पाव स्वराने चढलेला. नवा श्रोता ती पाच मिनिटांत बंद करतो आणि बँड असाच वाजत होता असं समजतो. ही बँडची सेवा आहे का?

आणि तुमच्या गोटात 'कच्ची एफएम टेप' म्हणून जी फाईल फिरते, ती मी स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या कंप्रतांच्या चित्रावर) पाहिली. १६ किलोहर्ट्‌झला सरळ रेघेत कापलेली आहे. एमपीथ्रीवरून (आवाज छाटून लहान केलेल्या फाईलवरून) फ्लॅक (काही न छाटणारी फाईल) करून खपवलेला माल आहे तो. आधी आपलं घर झाडा.

वर्णपट
१६ ला कापलं की एमपीथ्री, हा निकाल फार लोक फार घाईने देतात, आणि त्यापायी चांगल्या टेप बदनाम होतात.

एफएम स्टिरिओत आवाज मुळात १५ किलोहर्ट्‌झपर्यंतच जातो. १९ वर पायलट टोन, म्हणजे स्टिरिओची खूण देणारा ठराविक सूर, असतो, आणि डाव्या-उजव्यातल्या फरकाचा पट्टा २३ पासून सुरू होतो. पायलटला धक्का लागू नये म्हणून प्रक्षेपणाआधीच १५ च्या वरचं छाटतात. शिवाय बीबीसी १९७२ पासून प्रक्षेपकांपर्यंत आवाज डिजिटल पद्धतीने पाठवू लागली, ३२ किलोहर्ट्‌झ सॅम्पलिंगने (सेकंदाला ३२,००० वेळा मोजून; त्याच्या निम्म्याहून वरचे सूर त्यात मावत नाहीत). तिथेही मर्यादा १५ चीच.

मग ओळखायचं कसं? १५ च्या वर काय आहे ते पाहा. कॅसेटवरून आलेली फाईल असेल तर तिथे टेपची खरखर एकसारखी पसरलेली दिसते, कारण ती छाटणीनंतर मिसळली. बऱ्याचदा १९ वर एक बारीक आडवी रेघही सापडते. एमपीथ्रीत त्या जागी नुसता काळोख असतो, आणि १० ते १६ च्या मध्ये चौकोनी भोकं पडलेली दिसतात.

नॉइझशून्य
काळोखच आहे. म्हणून तर म्हणतोय.

वर्णपट
तेवढ्यानेही ठरत नाही. कॅसेटवरून डॅटवर (डिजिटल टेपवर) लाँग प्ले मोडमध्ये उतरवली असेल, तर सॅम्पलिंग ३२ किलोहर्ट्‌झचं होतं आणि १६ च्या वर काळोखच दिसतो, एमपीथ्रीचा स्पर्शही झालेला नसताना. भोकं आहेत का ते सांगा. आणि हेही लक्षात घ्या की खरखर काढणारं सॉफ्टवेअर जोरात चालवलं की अगदी तशीच भोकं पडतात. तुम्ही ज्या फायली 'ऐकण्याजोग्या' करून देता, त्या दहा वर्षांनी कुणी तपासल्या तर त्यांच्यावरही हाच आरोप होईल, आणि तो खोडायला कच्ची फाईल नसेल.

फेल्टपॅड
स्पेक्ट्रोग्रामवरून भांडण्याआधी टेप नीट वाजवली होती का, ते कुणीच विचारत नाही. निम्म्याहून जास्त दोष कॅसेट वाजवतानाच शिरतात.

आधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा, चिकटलेले थर सुटतात. आतला फेल्टचा पॅड जागेवर आहे का बघा. जुना गोंद सुटला की पॅड पडतो, फीत हेडला (डेकच्या वाचणाऱ्या भागाला) टेकत नाही आणि आवाज आत-बाहेर करतो. कवच डकवलेलं असेल तर फीत काढून पाच स्क्रूंच्या कवचात घाला. सी-१२० (दोन तासांची) असेल तर आणखी जपा. ती फीत फार पातळ असते, ताणली जाते आणि गुंडाळीत अडकते.

मग अ‍ॅझिमथ, म्हणजे फितीशी हेडचा कोन. हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूवर रंगाची खूण करा, म्हणजे मूळ जागा सापडते. दोन्ही चॅनल मोनोत एकत्र करून ऐका आणि चुंबकत्व नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रू किंचित किंचित फिरवा. झांजा सर्वांत उजळ लागतील तिथे थांबा. बाजू बदलली की पुन्हा तेच. ए बाजूचं माप बी बाजूला चालेलच असं नाही.

डॉल्बी या सगळ्याच्या नंतर. डॉल्बी बी रेकॉर्ड करताना वरची पट्टी चढवते, वाजवताना परत दाबते; ती उलगडणारं सर्किट वरच्या पट्टीची पातळी बघून किती दाबायचं ते ठरवतं. अ‍ॅझिमथ चुकून वरची पट्टी आधीच पडलेली असेल, तर त्याला वाटतं आवाज हळू आहे, आणि ते आणखी दाबतं. नॉइझशून्य ज्याला 'डॉल्बी चुकलेली' म्हणतात, ती बहुतेक वेळा अ‍ॅझिमथची चूक असते. डॉल्बी होती की नव्हती याची खात्री नसेल तर ती बंद ठेवून २४ बिटमध्ये उतरवा, शिखरं उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. उलगडणं नंतरही करता येतं.

नॉइझशून्य
आणि वेग? तो तरी सुधारायचा की तोही 'मूळ' म्हणून जपायचा?

वर्णपट
सुधारायचा, पण अंदाजाने नाही. पायलटची रेघ सापडली तर तीच मोजपट्टी. प्रक्षेपणात ती १९,००० हर्ट्‌झच्या दोन हर्ट्‌झ इकडे-तिकडे असते. फाईलमध्ये १९,१९० दिसली तर टेप एक टक्का जलद आहे, म्हणजे सूर सुमारे १७ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) चढला आहे.

फेल्टपॅड
डेकवर एमपीएक्स फिल्टर चालू असेल तर ती रेघ टेपवर पोचतच नाही. डॉल्बीला पायलटचा त्रास होतो म्हणून तो फिल्टर दिलेला असतो. १९६९ च्या वर्ल्ड सर्व्हिसच्या टेपसारख्या एएम टेपवर तर पायलटचा प्रश्नच येत नाही. तिथे विजेची घुरघुर धरावी लागते, ब्रिटनमध्ये ५० हर्ट्‌झ, अमेरिकेत ६०. पण ती घुरघुर तुमच्याच डेकची नाही ना, हे आधी टेप न चालवता तपासा. कित्येकांनी स्वतःच्या डेकची ५० हर्ट्‌झ धरून 'वेग बरोबर आहे' असं लिहून ठेवलं आहे. आणि पायलटने प्रसारणानंतरची चूक कळते. स्टेशनवर तबकडीच जलद फिरत असेल तर ती त्याच्या आधीची चूक. तिला हा उपाय नाही.

करारनामा
तांत्रिक चर्चेत मूळ प्रश्न बुडाला. वाटायचं की नाही? रेडिओवर फुकट ऐकू आलं म्हणून ते सर्वांच्या मालकीचं होत नाही. १९६१ च्या रोम करारात कलाकार आणि प्रसारक दोघांच्या हक्कांना किमान २० वर्षं दिली आहेत. ट्रिप्स या जागतिक व्यापार संघटनेच्या करारात कलाकारांना किमान ५०. गीतकार-संगीतकारांचे हक्क त्याहून वेगळे. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडने १९८४ मध्ये टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागा दिली, ती त्यांची मर्जी होती. त्याच बँडच्या साउंडबोर्ड टेप (थेट ध्वनियंत्रणेतून घेतलेल्या) नोव्हेंबर २००५ पासून इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर फक्त ऐकता येतात, उतरवता (डाउनलोड करता) येत नाहीत; प्रेक्षकांतून केलेल्या मात्र उतरवता येतात. परवानगी बँड देतो, आपण नाही.

मध्यलहर२४७
हे मान्य करावं लागतं. जी गाणी अधिकृत निघाली ती वाटू नयेत, इथवर मी येतो. विकण्याला तर माझा पहिल्यापासून विरोध आहे. अशा टेपच्या सीडी काढून पैसे करणाऱ्यांनीच हा छंद नासवला. पण जे संचात नाही ते जपायचं असेल, तर एकाच्या कपाटात ठेवून ते जपलं जात नाही. फीत चिकटते, कपाटाचा मालक जातो.

नॉइझशून्य
कपाटाचं पटलं. एमपीथ्रीचा आरोप मी मागे घेत नाही, भोकं मोजून मग बोलेन. पण कच्ची फाईल आणि साफ केलेली फाईल शेजारी-शेजारी दिली तर तुमची हरकत काय आहे?

मध्यलहर२४७
शेजारी दिली तर काहीच नाही. फक्त वंशावळ लिहा: कोणतं प्रक्षेपण, ट्यूनर, डेक, कितवी कॉपी, डॉल्बी कुठे उलगडली, वेग किती टक्के बदलला. माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा. निवेदकाचं बोलणं कापू नका. प्रक्षेपण पहिलं की पुनःप्रसारण, हे त्यावरूनच ओळखता येतं. फ्लॅकबरोबर एमडीफाईव्ह (फाईल बदललेली नाही हे पडताळणारा आकडा) द्या.

फेल्टपॅड
आणि ४४.१ किलोहर्ट्‌झला गाणी वेगळी करताना तुकडे ५८८ सॅम्पलच्या (सीडीवरच्या एका चौकटीच्या) पटीत पाडा. नाहीतर सीडीवर टाकताना उरलेली जागा शून्यांनी भरली जाते, आणि मेडलीच्या मधोमध 'टक्' असा आवाज येतो.

नॉइझशून्य
ठीक आहे. त्या वादातल्या फाईलमधली मेडलीची सुरुवातीची दोन मिनिटं, जशी आली तशी, वेग न बदलता द्या. १० ते १६ चा पट्टा मोठा करून तपासतो आणि चित्र इथेच टाकतो.