मदत हवी आहे: गॅस्ट्रिक बँड सैल करणारे सर्जन सोलापुरात आहेत का?

नमस्कार मंडळी. आईला ४ वर्षांपूर्वी पुण्यात गॅस्ट्रिक बँड (वजन कमी व्हावं म्हणून जठराच्या वरच्या भागाभोवती बसवतात तो पट्टा) बसवला. वजन छान उतरलं. गेल्या महिन्यात बँडमध्ये सलाईन भरून तो घट्ट केला, तेव्हापासून हाल चाललेत. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी चौथ्या घासाला छातीत अडकते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि सगळं उलटून पडतं. रात्री आडवी झाली की खोकला. बँड जास्त आवळलाय, थोडं सलाईन काढावं लागेल, असं तिकडून फोनवर सांगितलं. पण हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला नेण्याइतकी ताकद तिच्यात उरली नाही. कातडीखालच्या पोर्टला (सलाईन भरायच्या-काढायच्या छोट्या डबीला) ह्युबर सुई, म्हणजे पोर्ट खराब न करणारी खास सुई लागते, साधी चालत नाही. इथं हे कोण करतं? पाणी अजून उतरतंय; तेही थांबलं तर थेट सिव्हिलला नेणार आहे. कृपया लवकर सांगा.